रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

मा. संपादक,
स. न.

एसटीत वाहक होतो. नोकरीची शेवटची अकरा वर्षं 'पुढचा थांबा येईपर्यंत निभेल का' याच धास्तीत गेली. एका लग्नाच्या जेवणानंतर जुलाब-उलट्या झाल्या. चार दिवसांत थांबल्या, पण पोट काही पूर्ववत झालं नाही. सकाळी तीन-तीनदा जाणं, मुरडा, जाऊन आल्यावर जरा बरं, पुन्हा तेच. औषधाच्या दुकानातून आमांशाच्या गोळ्यांचे किती कोर्स घेतले, हिशेब नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं स्वच्छ. त्यात सुट्टीच्या दिवशी पोट शांत! मग घरचेच म्हणू लागले, 'तुले काही व्हयेल नही, मनना वहम शे.'

जळगावच्या एका पोटविकारतज्ज्ञांनी आजाराचं नाव सांगितलं: आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नसते, पण आतडं आणि मेंदू यांच्यातली निरोपानिरोपी बिघडलेली असते. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या वायूने कळ येते. ड्यूटीवर उसळायचं आणि सुट्टीला निवायचं ते यामुळेच. सोंग नव्हतं ते. जुलाबाच्या आजारानंतर हे काहींच्या मागे लागतं. काहींना बद्धकोष्ठ असतं, काहींना दोन्ही आलटून-पालटून. यातून कॅन्सर होत नाही, हे ऐकलं आणि निम्मं पोट तिथेच थांबलं.

पथ्य मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. मी वही घातली. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत पोट ढोल. दोष उडदाचा, नुसती ज्वारी चालते. कांदा-लसणात आतड्यात आंबणारी साखर असते. ती पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकतो, वर हिंग. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग सोसतो, पांढरा नाही. कोंड्याने त्रास वाढला, इसबगोलाने कमी झाला. हे सगळं कायमचं सोडायचं नसतं. चार-सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा. बरेच लोक इथेच चुकतात आणि जन्मभर वरण-भातावर राहतात. गहू सोडण्याआधी सीलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्यावी; नंतर ती फसवते.

आपल्या आरोग्य पुरवणीत पोट साफ करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती बऱ्याच असतात. त्यांच्या शेजारी एक चौकट छापा: शौचात रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. यातलं काहीही असेल तर आयबीएस म्हणून बसून राहू नये, डॉक्टर गाठावा.

थंडीतलं भरीत तेवढं मला अजून सुटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी भोगतो.

एक निवृत्त वाहक, अमळनेर