चढ धरायचा की वेग?

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

गुरुवारी रात्री साडेअकराला तुझा फोन आला आणि "अरे, पडलं!" एवढंच ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कोण पडलं, कुठे पडलं? मग कळलं की विमान पडलं, तेही तुझ्या टेबलावरच्या पडद्यात, त्या विमान उडवायच्या खेळात (फ्लाइट सिम्युलेटरमध्ये). चार शिव्या अगदी ओठावर आल्या होत्या, पण मागून वहिनींचं हसणं ऐकू आलं म्हणून गिळल्या. त्या झोपेत मी जे काही बरळलो ते तुला पटलं नाही, हे तुझ्या "हं... हं..." वरूनच समजलं. म्हणून आज जेवून, पंखा लावून, सविस्तर लिहायला बसलोय.

तुझी तक्रार अशी: सेसना १७२, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, ऑटोपायलट लावलेला, तू हात मांडीवर ठेवून निवांत, आणि आठ-साडेआठ हजार फुटांवर विमानाने आपणहून नाक वर काढलं, इशाऱ्याचा भोंगा वाजला, एक पंख कलंडला आणि खेळ खल्लास. "प्रोग्रॅममध्येच काहीतरी घोळ आहे," हा तुझा निकाल. घोळ नाही रे बाबा. तू सांगितलंस तेच त्याने केलं, अगदी शेवटपर्यंत इमानदारीत केलं.

मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण हाच पराक्रम मी आधी करून बसलोय. जुहूहून नाशिकच्या ओझरला निघालो होतो. उंची लावली ९,५०० फूट, चढण्याचा दर मिनिटाला ७०० फूट, ऑटोपायलट चालू. भिवंडी मागे पडली, पुढे भातसा धरणाचं पाणी चमकायला लागलं, आणि नेमका गॅस सिलिंडरवाला आला. मी दार उघडायला उठलो. पावती, सुट्टे पैसे, रिकामी टाकी बाहेर, भरलेली आत, यात गेली पाच-सात मिनिटं. आतून अप्पांची हाक आली, "अरे, तुझं ते पिपाणी वाजवतंय!" धावत आलो तर पडद्यावर नुसतं आभाळ. मग नुसती जमीन. मग पुन्हा आभाळ.

अप्पा मागच्या कॉटवर बसून सगळं बघत होते. तुला माहीतच आहे, मुंबई-नाशिक एसटीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. कसारा घाट त्यांना तोंडपाठ. मी डोकं धरून बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "चढताना तू काय धरून ठेवलं होतंस, चढ की वेग?" म्हटलं, चढ. "मग बरोबर आहे," म्हणाले. "घाटात चढ आपल्या हातात नसतो, म्हणून आम्ही गिअर टाकून गाडीचा दम सांभाळायचो. तुला चढ कमी करता येत होता, तर तू तोच धरून बसलास!" तीस वर्षं स्टीअरिंगवर बसलेल्या माणसाने विमानाला हात न लावता दोष काढून दिला. मला राग आला होता, हे कबूल करतो.

आता हे यंत्रात कसं होतं ते बघ. तू व्ही-एस (व्हर्टिकल स्पीड, म्हणजे चढण्या-उतरण्याचा दर) हे बटण दाबून ७०० लावलंस, म्हणजे ऑटोपायलटला एकच गोष्ट बजावलीस: मिनिटाला सातशे फूट चढत राहा. वेगाबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. सेसनाला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा, आपोआप हलवणारी यंत्रणा नाही. ऑटोपायलटच्या हाती आहे फक्त नाक वर-खाली करणं. खाली समुद्राजवळ हवा दाट असते, तिथे हे इंजिन सातशे फूट देतं. कंपनीचा आकडाच समुद्रसपाटीला ७३० चा आहे, तोही पूर्ण वजनाचा आणि प्रमाण तापमानाचा. पण हे साधं, टर्बो नसलेलं १८० अश्वशक्तीचं इंजिन. वर जाशील तसं त्याला धाप लागते. आठेक हजार फुटांवर चढण्याची ताकद जवळपास निम्मी होते आणि १४,००० फुटांवर जेमतेम शंभर उरते. तिथे सातशे मागितले तर ऑटोपायलट काय करणार? नाक थोडं वर करतो. त्याने वेग कमी होतो. वेग कमी झाला की चढ घटतो, म्हणून तो नाक अजून वर करतो. ८० नॉट (ताशी सागरी मैल), ७४, ६८, ६०. चौऱ्याहत्तरच्या आसपास हे विमान सगळ्यात चांगलं चढतं. त्याखाली गेलास की नाक जितकं वर करशील तितकं चढणं कमीच होत जातं. पण हे त्याला कोण सांगणार? पन्नाशीत पोचला की पंखांना विमान पेलवत नाही, संपलं.

आणि एक गंमत, म्हणजे भोगताना गंमत नाही. एवढा वेळ तो गुपचूप ट्रिमही (दांडा न धरता नाक एका कोनात ठेवणारं चाक) मागे मागे फिरवत असतो. त्यामुळे तू घाबरून ऑटोपायलट काढतोस तेव्हा विमान पूर्ण "नाक वर" ट्रिममध्ये तुझ्या हातात पडतं. जॉयस्टिक मधे आहे म्हणून तुला वाटतं सगळं सरळ आहे, पण सरळ काहीच नसतं. अशा वेळी आधी ऑटोपायलट काढ, जॉयस्टिक जोरात पुढे, थ्रॉटल पूर्ण, आणि ट्रिम पुढे फिरवत राहा. पंख सरळ करायची घाई नको, आधी वेग येऊ दे.

यावर उपाय तुझ्याच पडद्याच्या कडेला आहे. फोनवर तू "दोन मोठे टीव्ही" म्हणालास, म्हणजे तुझी सेसना जी-१००० वाली, गोल घड्याळांऐवजी पडद्यांची. त्या बटणांमध्ये एफ-एल-सी नावाचं एक बटण आहे, त्याला तू अजून बोट लावलेलं दिसत नाही. ते दाबलंस की त्या क्षणाचा वेग तो धरतो आणि चढ जेवढा जमेल तेवढा घेतो. अप्पांचा घाट तो हाच. टेकऑफ हाताने कर, हजारेक फूट वर जा, ८० नॉट स्थिर कर, नीट ट्रिम कर, मग उंचीच्या नॉबवर ७,५०० लाव, ए-पी (ऑटोपायलट) दाब, एफ-एल-सी दाब. थ्रॉटल पूर्ण पुढे. खाली सातशेने चढेल, वर गेल्यावर चारशेने, पण वेग ८० च राहील आणि तू सिलिंडर घ्यायला जाऊ शकशील. (तरी जाऊ नकोस.)

आता ज्यात सगळे फसतात ते ऐक. एफ-एल-सीमध्ये "नोज अप" ही कळ दाबलीस की पडद्यावरचा आकडा एकेका नॉटने कमी होतो. पहिल्यांदा मी चक्रावलो. वरची कळ दाबतोय आणि आकडा खाली? पण नाक वर गेलं की वेग कमीच होणार ना. तीच कळ व्ही-एसमध्ये दाबलीस तर आकडा शंभराने वाढतो. आणि नुसतं ए-पी दाबलं असेल, बाकी काहीच नाही, तर तो पी-आय-टी (पिच, म्हणजे नाकाचा कोन) मोडमध्ये असतो; तिथे तीच कळ नाकाचा कोन अर्ध्या अंशाने बदलते. कळ एकच, अर्थ तीन. म्हणून कळ दाबण्याआधी वरच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायचं. हिरवं म्हणजे चालू असलेलं, पांढरं म्हणजे रांगेत उभं असलेलं. चढताना ए-एल-टी-एस पांढऱ्यात दिसलं तर समज, की लावलेल्या उंचीवर तो थांबणार आहे. ते दिसत नसेल तर कुठेतरी चुकलंय.

माझी पहिली सेसना गोल घड्याळांची होती, केएपी-१४० ऑटोपायलटवाली. त्याची ती चिमुकली खिडकी आठवली की अजून चीड येते. ए-पी दाबला की त्या क्षणी विमान ज्या दराने चढत असेल तोच दर तो पकडतो. मी टेकऑफनंतर उत्साहात जॉयस्टिक ओढलेली, विमान हजाराने चढतंय, त्याच वेळी ए-पी. पकडले हजार! आणि खिडकीत तो आकडा तीनेक सेकंदच दिसतो, मग तिथे उंची दिसायला लागते. कसला हजार नि कसलं काय, मला पत्ताच नाही. वर त्याचं हवेच्या दाबाचं सेटिंगही वेगळं लावावं लागतं. आल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाला, लावलं म्हणजे ऑटोपायलटला कळलं असं नाही. ते विसरलास की तो भलत्याच उंचीवर सपाट होतो आणि तू आल्टिमीटरला शिव्या घालतोस.

ए-एल-टी बटणाबद्दलही लगेच सांगून टाकतो, कारण तुझा पुढचा फोन त्यावरच येणार आहे. नॉबवर ७,५०० लावून ए-एल-टी दाबलं म्हणजे विमान ७,५०० ला जाईल, असं प्रत्येकाला वाटतं. नाही जात. ए-एल-टीचा अर्थ "आहेस तिथेच थांब." तू तीन हजारांवर असशील तर तीन हजारांवरच राहशील, नाशिक येईपर्यंत, आणि मधे कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंच आहे. वाट थोडी चुकलीस की तीन हजारांवरून तिचं दर्शन फार जवळून होईल.

मग व्ही-एस कुचकामी आहे का? छे, उतरताना मी तेच वापरतो. ओझरची जमीनच दोनेक हजार फुटांवर आहे, म्हणून ३,००० पर्यंत उतरायचं. ७,५०० वरून ४,५०० फूट कमी करायचे, मिनिटाला पाचशेने नऊ मिनिटं. जमिनीवरचा वेग ११० नॉट असेल तर नऊ मिनिटांत साडेसोळा सागरी मैल. म्हणजे सतरा मैलांवर असताना उंची ३,००० लाव, व्ही-एस दाब, "नोज डाउन" पाच वेळा. बोटांवर होणारं गणित आहे. फक्त थ्रॉटल मागे घ्यायला विसरू नकोस, कारण इथेही तो वेगाची पर्वा करत नाही. चढताना वेग कमी होत होता, आता वाढत जाईल.

तू एअरबसचं विचारलंस. अजून महिनाभर थांब असं म्हणेन, पण तू ऐकणार नाहीस. ए-३२० मध्ये नॉब दाबताही येतो आणि ओढताही येतो. स्वतःकडे ओढला की कारभार तुझा, विमानाकडे ढकलला की त्याच्या संगणकाचा. आणि एक छोटं बटण आहे, जे दाबल्यावर चढ-उताराचा नॉब मिनिटाला किती फूट याऐवजी किती अंशाचा उतार हे दाखवायला लागतो. त्या बटणाची गोष्ट तुला माहीत असावी. २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी एअर इंटर या फ्रेंच कंपनीचं ए-३२० ल्योंहून स्ट्रासबर्गला उतरत होतं. चौकशीत सगळ्यात संभवनीय धरलं गेलेलं कारण असं: वैमानिकांना हवा होता ३.३ अंशांचा उतार, म्हणजे मिनिटाला आठशे फुटांच्या आसपास. पण नॉब होता व्ही-एसमध्ये, आणि तिथे ३३ म्हणजे ३,३०० फूट. त्या काळी खिडकीत एकदा -३.३ दिसायचं आणि एकदा -३३. मधलं ते एक टिंब. विमान मों सेंत-ओदिलजवळच्या डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ माणसं गेली. त्यानंतर व्ही-एसचा आकडा चारही अंकांत दाखवायला लागले. आपल्या पडद्यावरच्या ए-३२० मध्ये तो पूर्ण आकडा दिसतो तेव्हा मला दर वेळी ते टिंब आठवतं.

बोइंग ७३७ बद्दल एवढंच: तिथे व्ही-एसचं उभं चाक आहे, आणि त्यावर "डाउन" वरच्या बाजूला लिहिलंय. चाकाचा वरचा भाग पुढे ढकललास की विमान खाली. दांडा पुढे ढकलला की नाक खाली, तसंच. माऊसच्या चाकाने फिरवताना मात्र हमखास उलटं होतं. आधी एक टिचकी मारून बघ कुठे जातंय ते.

तू तो थ्रॉटल आणि ट्रिमचाकवाला महागडा खोका घ्यावा की नाही विचारलंस. घे, पण आत्ता नको. आत्ता जॉयस्टिकच्या दोन कळांना "नोज अप" आणि "नोज डाउन" जोडून ठेव, आणि एक कळ ऑटोपायलट काढायला, अंगठ्याखालीच. तेवढं पुरतं. पैसे वाचले तर दिवाळीला पुण्याला ये.

येशील तेव्हा जुहू ते ओझर एकत्र उडू. थ्रॉटल तुझ्याकडे, मी फक्त हिरवी अक्षरं वाचणार. अप्पांनी आत्ताच बजावून ठेवलंय की इगतपुरीच्या अलीकडे वेग कमी करा, त्यांना कसाऱ्याची वळणं मोजायची आहेत. त्यांच्या हिशोबात एक वळण कमी भरतंय, आणि त्यांचा संशय तुझ्या प्रोग्रॅमवरच आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
सुध्या