न कापलेल्या टोकाबद्दल आभार

प्रिय ओएम (‘ओल्ड मॅन’, हॅम रेडिओच्या छंदात मित्राला असंच म्हणतात),

खासगीत आभार मानून झाले, पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून हे चारचौघांत. नाव आणि कॉलसाइन (हवेवरची ओळख) मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, हे ठाऊक आहे.

तक्रार तुम्हाला पाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दहा वॉटचा छोटा ट्रान्सीव्हर (बोलणं-ऐकणं दोन्ही करणारा रेडिओ, म्हणजेच रिग), अँटेना म्हणून वीस मीटर लांबीची, एका टोकाशी जोडायची एंड-फेड हाफवेव्ह (अर्ध्या वेव्हलेंग्थची) तार, उघडमिट होणारा फायबरग्लासचा खांब, सगळं पाठपिशवीत मावणारं. ऐकू छान यायचं. बोलायला बटण दाबलं की मात्र आवाज फाटायचा, कोॲक्सला (रिग ते अँटेना जाणाऱ्या केबलला) हात लावला की एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते त्याचं माप, एक म्हणजे उत्तम) हलायचा आणि रिग आपणहून पॉवर खाली आणायची. यावर जाणकारांकडून काय मिळालं? ट्यूनर घ्या. ॲम्प्लिफायर घ्या. क्यूआरपीचा, म्हणजे कमी पॉवरचा, नाद सोडा. ज्यांनी अँटेना विकली त्यांनी ‘सध्या बँडच खराब आहे’ म्हणून हात झटकले. बँड खराब असला तर समोरच्याचा आवाज जातो हो, आपल्याच माइकमध्ये आरएफ (रेडिओ लहरींचा करंट) शिरत नाही!

तुम्ही एकच प्रश्न विचारलात: ‘कोॲक्स किती लांब आहे आणि चोक कुठे लावलाय?’ चोक, म्हणजे कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी गुंडाळी, नव्हताच. त्या अँटेनासोबत आलाच नव्हता, आणि तो लागतो हे कुठे छापलेलंही नव्हतं.

पुढचं सगळं तुमचंच शिकवलेलं आहे, पण ज्यांच्या रिगला हाच आजार आहे त्यांच्यासाठी इथे उतरवतो. हाफवेव्ह तारेच्या टोकाशी इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तिथे करंट अगदी थोडा. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे. तारेत जेवढा जातो तेवढाच दुसऱ्या बाजूला कुठेतरी जावा लागतो. काउंटरपॉइज (त्या करंटसाठीची वेगळी तार) दिलेला नसेल तर तो कोॲक्सच्या शिल्डची (जाळीच्या आवरणाची) बाहेरची बाजू धरतो, तिथून रिगच्या बॉडीवर आणि माइकच्या वायरवर येतो. हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो तो यामुळेच, कारण तेव्हा आपणच अँटेनाचा भाग झालेलो असतो. इथे ॲम्प्लिफायर लावून काय होणार? पाच वॉटचे शंभर केले की १३ डीबी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम दोन एस-युनिट (सिग्नलच्या जोराचे टप्पे). आणि माइकवर येणारा आरएफही नेमका तेवढ्याच डीबीने वाढणार.

उपाय तुम्ही सांगितलात तो असा. ४३ मिक्स या फेराइटच्या टॉरॉइडवर (कड्यावर) बारीक कोॲक्सचे दहा-बारा वेढे, आणि हा चोक ट्रान्सफॉर्मरला (तारेचा मोठा इम्पिडन्स कोॲक्सशी जुळवणाऱ्या डबीला) चिकटवून नाही, तर त्याच्यापासून दोन मीटरवर. चाळीस मीटर बँडवर दोन मीटर म्हणजे ०.०५ वेव्हलेंग्थ. तेवढा शिल्डचा तुकडा काउंटरपॉइजचं काम करतो आणि चोकच्या पुढे करंट जात नाही. ट्रान्सफॉर्मरलाच चोक चिकटवला तर करंटला परतायची वाट उरत नाही, मग तो नको तिथून वाट काढतो. कोॲक्सही पाच-सहा मीटरच ठेवायला लावलीत. आरजी-१७४ ही बारीक कोॲक्स दहा मीटर वापरली तर १४ मेगाहर्ट्झवर एक डीबीहून थोडं जास्तच तिच्यातच मुरतं, आणि दहा वॉटवाल्याला ते परवडत नाही.

ट्रान्सफॉर्मरवर आळ घेण्याआधी तो तपासायची रीत तर वहीत लिहून ठेवण्यासारखी. दोनास चौदा वेढे म्हणजे सातपट, आणि इम्पिडन्सला त्याचा वर्ग, १:४९. सेकंडरीवर (चौदा वेढ्यांच्या बाजूला) २.२ किलोओहम आणि २७० ओहमचे साधे मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये जोडायचे आणि प्रायमरीकडून नॅनोव्हीएनए या छोट्या मापकयंत्राने बघायचं. एसडब्ल्यूआर एकाच्या जवळपास आला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये नाही. वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात.

पण हे पत्र चोकसाठी नाही. तुम्ही बांधून पाठवलेल्या तारेच्या टोकासाठी आहे.

ती तार तुम्ही मापात कापली नव्हती. शेवटची वीतभर मागे दुमडून, मूळ तारेला घट्ट पीळ देऊन, दोन ठिकाणी पांढऱ्या दोऱ्याने बांधली होती. सोबत चिठ्ठी, पेन्सिलने: ‘माझ्या अंगणात ७.१ मेगाहर्ट्झवर बसते. तुमच्याकडे उंची वेगळी, जमीन वेगळी. दोरा सोडा, मोजा, मग ठरवा. कापू नका.’ दुमड दहा सेंटिमीटरने वाढवली की चाळीस मीटर बँडवर अनुनाद (तार ज्या फ्रिक्वेन्सीवर बसते ती जागा) साधारण ३५ किलोहर्ट्झने वर सरकतो आणि वीस मीटर बँडवर त्याच्या दुप्पट. तेच टोक जमिनीजवळ उतरलं की खाली येतो. म्हणजे एकाच मापाची तार सगळीकडे बसत नाही, हे माहीत असलेल्या माणसाने पुढच्याच्या हातासाठी जागा सोडली होती.

मदत करणारे कमी नसतात. पण बरेच जण मदत करताना आपलं ज्ञान समोरच्याच्या डोक्यावर ठेवून जातात. आपल्याला येतं ते करून द्यायचं, आणि शेवटचं पाऊल त्याचं त्याला टाकू द्यायचं, ही सभ्यता फार थोड्यांकडे दिसते. या छंदाला ती अजून टिकवून धरते असं वाटतं. नाहीतर पाच वॉटवाल्याचा क्षीण सीक्यू (‘कुणी ऐकतंय का’ ही हाक) ऐकून आपला शंभर वॉटचा रिग थांबवून, ‘पुन्हा सांगा, सावकाश’ म्हणणारे लोक भेटले नसते.

बॅटरीबद्दलचं तुमचं बोलणंही मानलं. चार सेलची लिथियम-आयन पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट होते, आणि १३.८ अधिक-उणे पंधरा टक्के सांगणाऱ्या रिगला ते झेपणारं नाही. तीन सेलची १२.६ वरून उतरत जाते आणि काही रिगची पॉवर तिच्याबरोबर उतरते. आता चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे, तेराच्या आसपास शेवटपर्यंत टिकते. फ्यूज दोन्ही वायरींत घातलाय, विचारण्याआधीच सांगतो.

एक राहिलंच. दहा मीटर बँडवर एसडब्ल्यूआर अजून अडीचच्या खाली येत नाही. प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, १५० लावून पाहू का, की तो दोष तारेचा? सवडीने कळवा.

७३ (म्हणजे शुभेच्छा)