चतुर समुद्र ओलांडतो, तितराने कुठे जायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला समुद्र ओलांडणाऱ्या चतुर किड्यावरचा लेख आवडला, पण त्यात जाता जाता तितराला आळशी म्हणून टाकलंय ते काही पटलं नाही.

चतुराचं कौतुक आहेच हो. तो पिवळसर ग्लोब स्किमर, पावसाच्या आधी मैदानावर थव्याने घिरट्या घालतो तोच, वजन साधारण 300 मिलिग्रॅम, आणि ऑक्टोबरात हा भारतातून मालदीवला पोचतो जिथे अंडी घालायला गोडं पाणी जवळजवळ नाहीच, म्हणजे पुढे आफ्रिकाच गाठायची. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये हे मांडलं. पण जाणारा आणि परत येणारा किडा एकच नसतो, मधे पिढ्या बदलतात, हे लेखात यायला हवं होतं. पावसाच्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत नवा चतुर तयार. डबकं आटलं की दुसरं शोधायचं. (कधी गाडीच्या चकचकीत छतालाच पाणी समजून अंडी घालतात, ती फुकट जातात बिचारी.)

आता तितर. हाकललं तर फर्रकन उडतो, थोडं पुढे उतरतो आणि झुडपात पळत सुटतो. यात आळस कसला? दाणे, वाळवी, किडे सगळं खालीच मिळतं, बोरी-बाभळीखाली जमिनीवर अंडी, रात्री काटेरी झाडावर झोप. चार शेतं आणि मधला माळ एवढाच त्याचा संसार, आणि घात तिथेच होतो, कारण आमच्या इंदुरात सुपर कॉरिडोर रस्त्याकडे बघा नाहीतर बायपासला, माळावर प्लॉट पडले की त्याला आफ्रिका वगैरे काही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली पण माळ कोण वाचवणार, कागदावर तो पडीकच ना. इथल्या सिरपूर आणि यशवंत सागर तलावांना 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आनंदच आहे, पाण्याला निदान कोणी वाली आहे. सुक्या गवताला कोण विचारतं?

एप्रिल-मेमध्ये तितराची अंडी असतात आणि नेमकं तेव्हाच प्लॉट साफ करायला लोक गवत पेटवतात. कापा की हो, पेटवता कशाला, आणि कापतानाही कडेची झुडपं पावसाळा संपेपर्यंत राहू द्या. एवढं जरी मार्चमध्ये चौकटीत छापलंत तर बरं होईल.

— एक जुना वाचक, इंदूर