वादळाच्या दिवशी हवेचा एकच आकडा पुरत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज छापला जाणारा हवेचा गुणवत्ता निर्देशांक आमच्या घरी न चुकता वाचला जातो, कारण माझ्या पत्नीला अनेक वर्षांपासून दमा आहे. एरवी त्या आकड्यावरून आम्ही दिवस ठरवतो. धुळीच्या वादळाच्या वेळी मात्र तो अपुरा पडतो.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार अनेकांना आठवत असेल. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ कराची, सौराष्ट्र असे करत अरबी समुद्रावरून मुंबईवर आली, समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या, दिवसाचे तापमान एकदम उतरले आणि मुंबई-पुण्यात उभ्या गाड्यांवर पांढरट भुकटीचा थर बसला. मुंबईचा निर्देशांक ३०० च्या पुढे, म्हणजे ‘अतिशय वाईट’ श्रेणीत गेला. आम्ही सकाळी ते धुके समजलो आणि खिडक्या उघड्याच ठेवल्या. त्याचा त्रास पत्नीला पुढे कित्येक दिवस झाला.

आपल्याकडे निर्देशांक काढताना प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच शहराचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. त्यामुळे ३०० हा आकडा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. दर घनमीटर हवेत १० मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे पीएम १०, ३५० मायक्रोग्रॅम झाले तरी तो येतो, आणि धूर व ज्वलनातून येणारे अतिसूक्ष्म पीएम २.५ कण १२० मायक्रोग्रॅम झाले तरी तोच येतो. वादळात वाढ मुख्यत्वे जाड कणांची होते, हिवाळ्यातल्या धुरकट दिवसांत अतिसूक्ष्म कणांचा वाटा मोठा असतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी असले, तर हवेत वाळवंटाची धूळ आहे की शहराचा धूर, याचा अंदाज सामान्य वाचकालाही येऊ शकेल. अर्थात वाळवंटातून आलेली धूळ नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. तिच्यातही बारीक कण असतातच, आणि जाड कणही श्वासनलिकेला चिडवून दमेकऱ्याला बेजार करतात.

दुसरी अडचण सरासरीची आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे रोजचे निर्देशांक-पत्रक दुपारी चार वाजता निघते आणि त्यातील धूलिकणांचे आकडे मागील २४ तासांच्या सरासरीचे असतात. वादळ मात्र काही तासांचाच खेळ असतो. समजा, २० तास पीएम १० चे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम राहिले आणि वादळाच्या चार तासांत ते ९०० वर गेले, तर सरासरी २३३ येते आणि एवढ्या भयंकर दिवसाची नोंद ‘मध्यम’ श्रेणीत होते. उलट, हवा निवळल्यावरही आदल्या दिवशीचे ते तास सरासरीत राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचकाच्या हाती जुनीच भीती पडते. ज्या तासांत दारे-खिडक्या लावून घ्यायला हव्यात, ते तास त्या आकड्यातून कळत नाहीत.

१३ मे २०२४ चे मुंबईतले वादळ वेगळ्या जातीचे होते. त्या दिवशी घाटकोपरला जाहिरातीचा महाकाय फलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले, त्यापुढे धुळीची चर्चा मागे पडली हे स्वाभाविकच होते. पण गडगडाटी ढगांतून सुटलेल्या त्या सोसाट्याने उडवलेल्या धुळीत आपल्याच रस्त्यांची, उकरलेल्या मातीची आणि बांधकामांची धूळही होती. बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे उभारण्याचा आणि काम झाकून घेण्याचा नियम महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्येच केला होता. तो पावसाळ्याआधीच्या वादळी दिवसांत कसोशीने पाळला जायला हवा. दूरवरच्या वाळवंटावर आपला इलाज नाही, या मातीवर आहे.

म्हणूनच ‘बाहेरची धूळ’ हे कारण पुराव्याशिवाय पुढे करू देऊ नये. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार सदस्य देशांना नैसर्गिक स्रोतांचा वाटा मर्यादाभंगाच्या हिशेबातून वगळता येतो, पण त्यासाठी तो वाटा सिद्ध करून दाखवावा लागतो. आपल्याकडे शहरांच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाचे मोजमाप पीएम १० वर होते, त्यामुळे अशी शिस्त इथेही हवी.

आपल्याकडे माझी मागणी लहानशीच आहे. निर्देशांकासोबत प्रमुख प्रदूषक कोणता हे रोज छापावे. ते मंडळाच्या पत्रकात दिलेलेच असते. वादळाच्या दिवशी पीएम १० आणि पीएम २.५ यांचे तासागणिक आकडे आपल्या संकेतस्थळावर द्यावेत, आणि साध्या कापडी रुमालाने बारीक कण अडत नाहीत, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, एवढी एक ओळ त्याखाली छापावी.

आपला नियमित वाचक,
मुलुंड, मुंबई