रविवारची सभा: ‘स्पीक नो इव्हिल’

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता जॅझ सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांचा हा अल्बम ऐकायचा आहे. ध्वनिमुद्रण २४ डिसेंबर १९६४चं. तबकडीची दुसरी बाजू आधी लावू, कारण तिच्यावरच्या ‘इन्फंट आइज’ या रचनेला सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. या रचनेत फ्रेडी हबर्ड यांचा ट्रंपेट नाही, फुंकवाद्यांत टेनर सॅक्सोफोन एकटाच.

आवर्तन २७ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), ९-९-९ असे तीन भाग. पहिला आणि तिसरा भाग सारखा. सवयीने आठ मोजलेत की नववा बार पुढच्या भागाचा पहिला वाटतो आणि तिथून सगळं एका बारने सरकतं. म्हणून दर बारला बोटाचं एक पेर मोजा. तीन बोटांची नऊ पेरं, की एक भाग पूर्ण. लय फार संथ आहे, रॉन कार्टर यांचा बेस सोडू नका. घरून एकदा ऐकूनच या.