जाधव खटल्याचा निकाल कुठे वाचायचा तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारी तुम्ही परराष्ट्र धोरणावर अख्खं पान देता, लेखही बरे असतात, पण एक गोष्ट कधीपासून खटकतेय ती आता लिहूनच टाकतो. लेखात करार येतात, ठराव येतात, कोर्टाचे निकाल येतात, पण ते मूळ कागद वाचायला कुठे मिळतील हे एका ओळीतसुद्धा नसतं. मी तालुक्याच्या गावात स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका बघतो. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही यूपीएससीसारखी वर्णनात्मक झालीय, म्हणजे जिथे चार पर्यायांत गोल काळा करून भागायचं तिथे आता भारत-पाक, भारत-चीन, संयुक्त राष्ट्रं यावर मुद्देसूद लिहावं लागतं. आणि पोरं लिहितात कशाच्या जोरावर, तर यूट्यूबचा व्हिडिओ, टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ आणि हल्ली चॅटजीपीटी.

मध्यंतरी एकाने उत्तरात सिंधू जलकराराचं कलम १८ ठोकून दिलं होतं. कुठून आणलंस म्हटलं तर म्हणे एआयने दिलं. त्या १९६० च्या करारात कलमंच मुळात १२ आहेत, पुढे परिशिष्टं आहेत ती वेगळी. बरं पोराचा दोष तरी काय म्हणायचा, मोठी मोठी माणसं टीव्हीवर बसून सांगतात की करारात भारताला २० टक्के आणि पाकिस्तानला ८० टक्के पाणी लिहून दिलंय. करारात अशी टक्केवारी नाहीच हो! रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे (त्यातही भारताला शेती, वीज वगैरेसाठी ठरावीक वापराची मुभा) अशी नद्यांची वाटणी आहे, ते ८०-२० नद्यांना किती पाणी वाहतं त्यावरून लोकांनी काढलेलं गणित आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने करार स्थगित ठेवला तेव्हा एकतर्फी बाहेर पडता येतं का यावर आमच्याकडे चहाच्या टपरीपर्यंत वाद झाले, पण बाराव्या कलमाचा चौथा भाग उघडून बघावा असं कुणाला सुचलं नाही. दोन्ही सरकारं रीतसर दुसरा करार करून हा संपवत नाहीत तोवर हा चालू राहील, एवढंच त्यात आहे. त्यावर मग कायदेपंडितांनी काय भांडायचं ते भांडावं, पण आधी वाक्य तर वाचा.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या प्रकरणाचं, कारण माणूस आपल्या महाराष्ट्रातला, बातम्याही मराठीत रग्गड आल्या. १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला, त्या दिवशी आपल्याकडे पेढे आणि तिकडे पाकिस्तानातही आम्हीच जिंकलो म्हणून आनंद. दोघंही कसे जिंकतील? पोरांना विचारलं की निम्मे म्हणतात कोर्टाने फाशी रद्द केली, काही म्हणतात सुटकेचा आदेश दिला होता पण पाकिस्तानने मानला नाही. मग मी कोर्टाची साईट उघडून निकालाचा अगदी शेवटचा परिच्छेद काढून देतो. पाकिस्तानने वकिलातीच्या संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं, म्हणजे जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारताला वेळेत कळवलं नाही, आपल्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, हे कोर्टाने १५ विरुद्ध १ मतांनी म्हटलं. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवलेलीच राहू द्या हेही म्हटलं. पण शिक्षा रद्द करा, सोडून द्या या भारताच्या मागण्या काही मान्य केल्या नाहीत. तो विरोधातला एकटा न्यायाधीश म्हणजे पाकिस्तानने या खटल्यापुरता नेमलेला, चीनच्या न्यायाधीश बाई बहुमतात होत्या, हे ऐकल्यावर पोरं उडतात कारण त्यांच्या डोक्यात चीन म्हणजे कायम पाकिस्तानच्या बाजूने. त्याच साईटवर दोन्ही देशांचे लेखी युक्तिवाद आहेत, सुनावणीत वकील शब्दन् शब्द काय बोलले तेही आहे, सगळं फुकट, लॉगिन नाही काही नाही. हे वाचलेला पोरगा आणि व्हिडिओ बघितलेला पोरगा यांच्या उत्तरात जो फरक पडतो तो पेपर तपासणाऱ्याला पहिल्या चार ओळीत कळतो.

बाकीचंही असंच उघड्यावर पडलेलं आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साईटवर करार, संयुक्त निवेदनं, वार्षिक अहवाल, संसदेतली प्रश्नोत्तरं असतात, फक्त तिथला सर्च असून नसल्यासारखा, त्यामुळे गुगलवरच इंग्रजीत site: लिहून त्याला लागून त्यांचा पत्ता टाकायचा आणि शोधायचं. मोदी आणि शी जिनपिंग भेटले की दिल्लीचं निवेदन आणि बीजिंगचं निवेदन शेजारी शेजारी ठेवून वाचा, कोणी काय गाळलं यातच निम्मा अभ्यास होतो. रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं या ठरावावर २ मार्च २०२२ ला आमसभेत मतदान झालं, १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, त्यात भारत कुठे होता (तटस्थांत) हे संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत दोन मिनिटात दिसतं, तरी भारताने रशियाच्या बाजूने मत दिलं असं ठासून लिहिणारे भेटतातच. १९७१ साठी तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपलीच अंतर्गत कागदपत्रं नेटवर टाकलीत, निक्सन आणि किसिंजर भारताबद्दल आपसात काय बोलत होते ते वाचायला मिळतं, आणि एकदा का पोरगं त्यात घुसलं की जेवायला उठत नाही.

आता सरकारी साईट म्हणजे ब्रह्मवाक्य असं मी म्हणत नाहीये. प्रत्येक सरकार आपल्या सोयीचंच टाकणार. थिंक टँकचं, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचंही तेच, दिल्लीतली मनोहर पर्रीकरांच्या नावाची संस्था संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते, ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) रिलायन्सच्या पाठबळावर उभी राहिली, म्हणून त्यांचं वाचू नये असं अजिबात नाही, पण पैसा कुणाचा हे ठाऊक असावं. आकड्यांचंही तसंच. शस्त्रं आयात करण्यात भारत जगात पहिला हे वाक्य अजून नोट्समध्ये फिरतंय, जगभरच्या शस्त्रव्यवहाराची नोंद ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेने २०२०-२४ चे आकडे दिले त्यात युक्रेन पहिला आणि भारत दुसरा आहे, आणि सिप्रीचे ते आकडे पैशाचे नसतातच, शस्त्रांच्या क्षमतेवरून काढलेल्या मापाचे असतात, हे तर शिकवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

खरी अडचण भाषेची आहे. हे सगळं इंग्रजीत, आमची पोरं मराठी माध्यमाची, करारातलं वाक्य पाच ओळींचं असतं आणि गुगल ट्रान्सलेट त्याचं जे काही करतं ते वाचून डोकं धरावं. मराठीत विश्वकोशाच्या साईटवर बऱ्याच नोंदी आहेत, मुक्त विद्यापीठाची पुस्तकं आहेत, पाया घालायला ती चांगली, इंग्रजी झेपणाऱ्याला इग्नूचे एमएचे धडे ई-ज्ञानकोशवर फुकट मिळतात. पण चालू घडामोडी आणि मूळ कागद यांच्यात मराठीतून पूल बांधणारं कुणी नाही, ते काम तुमच्यासारख्या पेपरनेच करायचं.

तर विनंती एवढीच की परराष्ट्र विषयावरच्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी टाका, मूळ कागदाचं नाव, तारीख आणि तो कुठल्या साईटवर आहे. जमलं तर त्यातला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा, एखादं कलम किंवा निकालाचा शेवटचा परिच्छेद, तेवढा नीट मराठीत करून चौकटीत द्या, तुमच्याकडे तसं करू शकणारी माणसं आहेत हे लेख वाचून कळतं. पत्ता लांबलचक असेल तर क्यूआर कोड छापा, पोरं मोबाईलवर उघडतील. जागेचं कारण सांगू नका, त्याच पानावर राशिभविष्याला चांगली हातभर जागा असते.

आपला,
अभ्यासिका चालवणारा एक वाचक,
जि. बीड