श्रेयनामावलीत नाव नको म्हणणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. मी आणि माझ्या भाच्यानं केलेल्या चित्रफितीत नाव घालू दिलं नाहीत, तसं इथंही घालत नाही. ज्यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्राची नभोनाट्यं कान देऊन ऐकलीत त्यांनी तुम्ही नुसत्या आवाजातून उभा केलेला दरवाजा, तुमचा पाऊस आणि तुमची घोडदौड ऐकलेलीच आहे, फक्त ती कुणाची हे त्यांना ठाऊक नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. ८ मार्च १९७८ च्या रात्री साडेदहा वाजता बीबीसीच्या रेडिओ ४ वर 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' ही विनोदी विज्ञान-मालिका सुरू झाली. लेखक डग्लस अ‍ॅडम्स. पुस्तक नंतर, १९७९ मध्ये आलं. गोष्ट मुळात कानांसाठीच लिहिलेली. तिच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. मॅग्रथिया नावाच्या ग्रहावरून एका यानावर दोन क्षेपणास्त्रं सुटतात. यानाचं इंजिन चालतं ते निव्वळ असंभाव्यतेवर. ते सुरू केल्याबरोबर एका क्षेपणास्त्राचा होतो देवमासा आणि दुसऱ्याची पेट्युनियाच्या फुलांची कुंडी. दोघंही जमिनीपासून काही मैल उंचावर. देवमाशाला नुकतीच जाग आलीय, आपण कोण हेही त्याला माहीत नाही. तो खाली पडता पडता भेटेल त्या गोष्टीला नाव ठेवत सुटतो. वारा, शेपूट, डोकं. शेवटी समोरून झपाट्यानं मोठं होत येणारं काहीतरी दिसतं, त्यालाही नाव देतो आणि त्याच्याशी आपली मैत्री होईल का, याची त्याला फार उत्सुकता लागते. कुंडी मात्र एवढंच मनात म्हणते की हे पुन्हा नको. संपलं.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि हा प्रसंग माझा अत्यंत लाडका आहे. भाच्याला संगणकावरचं अ‍ॅनिमेशन येतं. मूळ आवाजावर आपण हातानं चित्रं काढायची असं आम्ही दोघांनी ठरवलं. पैशांसाठी नाही, तिकीट नाही, जाहिरात नाही. आवाज बीबीसीचा, शब्द अ‍ॅडम्सचे, आमची फक्त हौस. एका सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला बारा, म्हणजे मिनिटाला सातशे वीस चित्रं. हे गणित हौशी माणसाला आधी कुणी सांगत नाही. शाळेच्या परीक्षांचे पेपर बाजूला सारून मी काचेच्या टीपॉयखाली ट्यूबलाइट लावून रेघा ओढत होते, आणि खालच्या मजल्यावर तुम्हाला रोज रात्री तोच तोच इंग्रज देवमासा ऐकू येत होता.

तुम्ही वर आलात ते तक्रार घेऊन, असंच मला वाटलं. तुम्ही दारातच विचारलंत, "हा वारा कुणी केलाय?"

हा प्रश्न विचारणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. मी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपचं सांगितलं. १९५८ मध्ये सुरू झालेला आणि १९९८ मध्ये बंद पडलेला विभाग, टेपचे तुकडे कापून, उलटे फिरवून, वेग कमी-जास्त करून आवाज घडवणारा. पॅडी किंग्सलंड, डिक मिल्स ही तिथली मंडळी. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि पत्र्याच्या गडगडाटापासून सुरुवात केलीत. पत्रा कोपऱ्यात धरून हलवायचा, मध्ये धरला तर तो वीज न होता पत्राच राहतो. आगीसाठी सेलोफेन चुरगाळायचा. नारळाच्या करवंट्या कोरड्या असल्या तर घोडा रस्त्यावर पळतो, पोत्यावर आपटल्या तर शेतात. संहिता कधी टाचायची नाही, सुटी पानं हातात धरायची, म्हणजे पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये जात नाही. भाचा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला आवाज म्हणजे पडद्यावरची निळी नागमोडी रेघ एवढंच माहीत.

मग तुम्ही आमचं तोवर झालेलं काम बघितलंत. मी देवमाशाचं तोंड प्रत्येक अक्षराला हलवलं होतं. ओठ, जबडा, सगळं. लिप-सिंकसाठी भाच्यानं रात्री जागवल्या होत्या. तुम्ही पूर्ण बघितलंत आणि म्हणालात, "हा कुणाशी बोलतोय?"

कुणाशीच नाही, मी म्हटलं. विचार करतोय.

"मग तोंड कशाला हलवतोय?"

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. तुमचा सगळा जन्म मीडियम वेव्हवर गेला. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे डावं-उजवं नव्हतंच, लांब आणि जवळ एवढंच होतं." ही इंग्रजी मालिका स्टिरिओत केलेली, विनोदी मालिकांसाठी त्या काळी नवलाचीच गोष्ट. पण तुम्ही आम्हाला हेडफोन काढायला लावलेत, दिवा घालवलात आणि एका साध्या स्पीकरवर तोच प्रसंग ऐकवलात. मनातलं बोलणारा नट माइकला जवळजवळ चिकटून बोलतो, हाक मारणारा दोन पावलं मागे सरकतो, भांडणारा मान वळवतो. हे सगळं तुम्ही आमच्या खोलीत उभे राहून, माझ्या रंगांच्या डब्याला माइक समजून करून दाखवलंत. दिवा लावला तेव्हा भाच्यानं न बोलता लिप-सिंकचा अख्खा थर बंद करून टाकला. राहिला फक्त डोळा. बारीक, बाजूला, पापणीसकट. ज्या माशाला मी तोवर नटासारखा बोलायला लावत होते, तो त्या डोळ्यामुळे एकदम जन्मलेला दिसायला लागला.

मला वाटतं की ऐकलेल्या गोष्टीचं चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी तुम्ही विचारलेला प्रश्न विचारायला हवा: "जे ऐकू येतंय तेच दाखवलंस, तर मी रेडिओच का लावू नये?" निवेदक सांगतो की मासा पडतोय. मग पडणं कानाला सोपवून टाकावं आणि डोळ्याला दुसरं काहीतरी द्यावं.

पण पडणं दाखवायचं तरी कसं, हा घोळ होताच. भाच्यानं शाळेतलं गॅलिलिओचं सूत्र लावलं होतं: समान वेळात पडलेली अंतरं एक, तीन, पाच, सात अशी विषम संख्यांनी वाढत जातात. अ‍ॅनिमेशनवाले चेंडू टाकताना हेच वापरतात. चेंडूला ठीक आहे. इथं मोकळं आकाश, मागे ना भिंत ना झाड, आणि मासा पीएमपीच्या बारा मीटरच्या बसहूनही लांब. सूत्र अगदी बरोबर असूनही तो जागच्या जागी तरंगल्यासारखा दिसायचा. तुम्ही गणितात शिरलाच नाहीत. म्हणालात, "वाऱ्याकडे बघा. ढग वाऱ्याच्या मागून चालवा." आम्ही माशाला चौकटीत जवळजवळ स्थिर ठेवला आणि ढगांचे फाटके पुंजके वाऱ्याच्या आवाजाबरोबर खालून वर सोडले. वारा चढला की ढग लांबट, उतरला की गोल. त्या एका वाक्यानं चित्रांची किती तरी मेहनत वाचली, आणि पडणं पोटात जाणवायला लागलं.

त्यानंतरचं काम तुमच्या पद्धतीनं झालं. अ‍ॅनिमेशनमध्ये एक्स-शीट असते, कुठल्या फ्रेमवर कुठला आवाज आणि कुठलं चित्र याचा तक्ता. भाचा ती संगणकावर भरत होता. तुम्ही त्याला फुलस्केप कागदावर संवाद लिहायला लावलेत आणि नभोनाट्याच्या संहितेवर करतात तशा खुणा करायला शिकवलंत. छोट्या थांब्याला एक तिरपी रेघ, मोठ्याला दोन, श्वासाला वर टिंब. जिथं दोन रेघा तिथं नवीन चित्र काढायचंच नाही, आहे ते धरून ठेवायचं. माझा हात मोकळा झाला तो या दोन रेघांमुळे. श्वासाच्या टिंबांवर पापणी हलली. बाकी काही नाही. स्टीफन मूर या नटानं देवमाशाचा आवाज दिलाय, त्याच मालिकेतल्या मार्विन या कायम खिन्न यंत्रमानवाचा आवाजही त्याचाच. एका कागदावर टिंबं मोजत बसल्यावर कळलं की माणूस श्वास कुठे घेतो यातच अर्धा विनोद असतो.

रंगांचंही तुम्हीच सुचवलंत, हे तुम्हाला आठवत नसेल. १९८१ मध्ये या गोष्टीची दूरचित्रवाणी मालिका आली. गोष्टीतल्या प्रवाशांना माहिती सांगणारं एक बोलकं मार्गदर्शक-पुस्तक तिच्यात आहे, त्याच्या पडद्यावर जी चकचकीत संगणकी चित्रं दिसतात, ती खरं तर संगणकावर केलेलीच नाहीत. रॉड लॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती हातानं काढली, काळ्यावर पारदर्शक रेघा ठेवल्या आणि मागून रंगीत प्रकाश सोडला. मी हे सांगितल्यावर तुम्ही टाळी वाजवलीत आणि म्हणालात, "मग गणपतीच्या आराशीचा जिलेटीन कागद आण की." दुसऱ्या दिवशी मी रविवार पेठेत बोहरी आळीत. हिरवा, केशरी, निळा. टीपॉयच्या ट्यूबवर तो निळा पसरला आणि आमच्या आकाशाला खोली आली. याच गावात प्रभातनं १९३४ साली 'जंबूकाका' नावाचं कार्टून केलं होतं. तेव्हाच्या चित्रकारांनाही हाताशी दिवा, काच आणि चिकाटी एवढंच असणार.

एका ठिकाणी मात्र मी तुमचं ऐकलं नाही आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. शेवटच्या आपटण्याला पडदा पूर्ण काळा करावा, असं तुमचं म्हणणं. मी तिथं कुंडी ठेवली. मासा चौकटीबाहेर जातो, आपटल्याचा आवाज येतो, आणि कुंडी अजून पडतेय. एकही फूल हलत नाही. तुम्ही मान हलवलीत, ती होकारार्थी होती की नाही हे मी विचारलं नाही. सोसायटीच्या गणपतीत बक्षीस समारंभाच्या आधी आम्ही ती चित्रफीत दाखवली. मुलं ओरडून हसली ती त्या कुंडीलाच. पुढच्या रांगेतल्या एका आजींना इंग्रजी अवाक्षर कळत नाही, त्या "बिचारा मासा गं" असं म्हणाल्या. हे मात्र तुमच्या डोळ्याचं श्रेय.

आणि नावांचं. मी रीतीप्रमाणे ती शेवटी घातली होती: आधी आम्ही, मग बारीक अक्षरात मूळ कलाकार. तुम्ही चिडलात. मी तुम्हाला चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणालात, रेडिओवर कलाकारांची नावं शेवटी वाचतात आणि तोवर लोकांनी खुंटी फिरवलेली असते. आयुष्यभर तेच झालंय, निदान तुम्ही तरी असं करू नका. म्हणून आमच्या चित्रफितीत सगळ्यात आधी, एकही चित्र दिसायच्या आत, काळ्यावर पांढऱ्यात येतं: निवेदक पीटर जोन्स, देवमासा स्टीफन मूर, आणि त्याखाली वारा करणारे. आमची नावं शेवटी, बारीक.

तुमच्या नावाची जागा मी रिकामी ठेवलीय. मन बदललं तर भाच्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. काकूंना सांगा की रात्रीचा आवाज आता दहानंतर बंद असतो, आणि त्यांच्या सांडगी मिरच्यांची बरणी धुऊन ठेवलीय. पुढचा प्रसंग मार्विनचा करायचं चाललंय. यंत्रमानव चालतो कसा, पाय ओढत की खडखडत, यावरून घरात वाद आहे. तुमच्याकडे जुना लोखंडी डबा आणि बिजागऱ्या असतील तर घेऊन वर या. गुरुवारी शाळेला सुट्टी आहे, मी घरीच आहे.

आपली,
वरच्या मजल्यावरची चित्रकलेची बाई